विहीर खुली झाली, पाण्याचे काय?

केंद्रीय भूजल मंडळाने देशातील भूजलाच्या गुणवत्तेविषयी २०२४ चा वार्षिक अहवाल प्रसिद्ध केला. देशभरातील १५,२५९ ठिकाणांहून २०२३ साली घेतलेल्या पाण्याच्या नमुन्यांवर तो आधारलेला आहे. ज्या जिल्ह्यांत नायट्रेट हा पदार्थ ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक आढळला, त्या जिल्ह्यांची संख्या २०१७ साली ३५९ होती. ती २०२३ साली ४४० झाली. हा दोष जेथे सर्वांत अधिक पसरलेला आहे असे पंधरा जिल्हे अहवालात निराळे दाखविले आहेत, आणि त्या पंधरांपैकी सात एकट्या महाराष्ट्रातील आहेत: वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड आणि जळगाव. राजस्थानच्या वाळवंटी मुलखातील बाडमेर आणि जोधपूर ह्यांच्या पंक्तीस आमचा वर्धा जिल्हा बसला आहे. वाळवंटात पाणी नाही म्हणून ते वाईट, हे समजू शकते. पण धाम, बोर, वेणा आणि खुद्द वर्धा ह्या नद्यांचा जिल्हा त्या पंक्तीत का बसावा, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

वृत्तपत्रांत ही बातमी एक दिवस आली आणि गेली. हा विषय शास्त्रज्ञांचा व सरकारी खात्यांचा आहे, धम्म आणि हक्क ह्यांची चर्चा करणाऱ्या पाक्षिकात त्याचे काय काम, असे एखादा वाचक म्हणेल. आमच्या चळवळीचा आरंभच पाण्यापासून झाला, हे त्या वाचकास आठवून दिले म्हणजे पुरे. रावबहादूर बोले ह्यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याविषयीचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली संमत झाला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचे जाहीर केले. कागद दोन्ही उत्तम होते; परंतु २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर जाईपर्यंत त्या कागदांतून पाण्याचा एक थेंबही आमच्या ओंजळीत पडला नव्हता. आणि त्यानंतरही मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल मिळण्यास १७ मार्च १९३७ उजाडला. ठराव आणि ओंजळ ह्यांच्यामध्ये किती अंतर असते, हे आपल्या समाजाइतके कोणास ठाऊक आहे?

महाडच्या त्या प्रसंगातील एक तपशील मला ह्या विषयाच्या संदर्भात नेहमी आठवतो. सत्याग्रहानंतर तळे बाटले असे म्हणून तेथील सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध व दही तळ्यात ओतून ते 'शुद्ध' करून घेतले. आता रसायनशास्त्राच्या दृष्टीने ह्या शुद्धीकरणाचा विचार करा. शेणात आणि गोमूत्रात नत्र असते. ते नत्र पाण्यात व मातीत सूक्ष्म जंतूंच्या क्रियेने बदलत जाते आणि शेवटी त्याचे नायट्रेट होते. म्हणजे माणसाच्या ओंजळीने जे पाणी तिळमात्र बिघडले नव्हते, ते शुद्धीच्या नावाखाली खरोखरीच बिघडविण्यात आले. पाणी कशाने अशुद्ध होते ह्याचे उत्तर पोथी देते ते एक आणि प्रयोगशाळा देते ते दुसरे. आपण पहिले उत्तर १९५६ साली नाकारले. दुसरे उत्तर मात्र अद्याप आपण विचारलेलेच नाही.

नायट्रेट हा काही दगडातून पाझरणारा पदार्थ नव्हे. शेजारच्या यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांत फ्लोराइडचा दोष आहे. त्या फ्लोराइडचे मूळ बहुतांशी भूगर्भातील खडकांत आहे आणि त्याबद्दल कोणास जबाबदार धरता येत नाही. आमच्या जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे, आणि त्या खडकात नायट्रेट देण्याइतके नत्र नसते. तेव्हा विहिरीत नायट्रेट आले तर ते वरून आले, म्हणजे माणसाच्या आणि जनावरांच्या वहिवाटीतून आले, असेच म्हणावे लागते. कपाशी, सोयाबीन, संत्रा ह्या पिकांना दिलेला युरिया. गोठा आणि उकिरडा. शौचालयाचा खड्डा आणि उघडे वाहणारे सांडपाणी, ही त्याची उगमस्थाने होत. पीक जेवढे नत्र घेते तेवढे घेते. उरलेल्याचे नायट्रेट होते. मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो आणि नायट्रेटवरही ऋणच. त्यामुळे माती त्यास धरून ठेवू शकत नाही, आणि पहिल्या जोरदार पावसाबरोबर ते खाली उतरते. आमच्या काळ्या जमिनीस उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात हे प्रत्येक शेतकरी जाणतो. त्या भेगांतून आणि खालच्या खडकाच्या सांध्यांतून मृगाचे पाणी उथळ विहिरीपर्यंत जाण्यास फारसा वेळ लागत नाही.

शरीरावर ह्याचा परिणाम काय होतो? अमेरिकेतील आयोवा राज्यातील एका डॉक्टराने १९४५ साली दोन तान्ह्या बालकांची हकीकत प्रसिद्ध केली. शेतावरच्या विहिरीचे पाणी घालून केलेले दूध त्यांस पाजले जात होते. बालकांचे ओठ व नखे निळी पडली. पाणी बदलल्यावर त्यांचा रंग परत आला. त्या विहिरींत नायट्रेट भरपूर होते. लहान बालकाच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते, ते रक्तातील प्राणवायू वाहणाऱ्या द्रव्यात बिघाड करते आणि श्वास चालू असूनही शरीरास प्राणवायू मिळेनासा होतो. सहा महिन्यांच्या आतील मुलास ह्याचा धोका सर्वाधिक, कारण हा बिघाड दुरुस्त करणारी शक्ती त्याच्या रक्तात अद्याप पुरती आलेली नसते. मोठ्या माणसास असे काही होताना सहसा दिसत नाही. भारतीय मानक संस्थेने २०१२ च्या मानकात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा ठेविली आणि तीत कोणतीही सूट ठेविली नाही; जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५० आहे. ह्या मर्यादा मुख्यतः त्या निळ्या पडणाऱ्या बालकासाठी आहेत.

मोठ्यांच्या बाबतीत शास्त्र अजून निकालाच्या वाटेवर आहे, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने विशिष्ट परिस्थितीत पोटात जाणारे नायट्रेट हे माणसात कर्करोग निर्माण करण्याची बरीच शक्यता असलेल्या पदार्थांत गणले आहे. डेन्मार्कमध्ये सुमारे २७ लाख प्रौढ माणसांच्या नोंदी तपासून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आतड्याच्या कर्करोगाचा संबंध पाण्यातील नायट्रेटशी आढळला, आणि तोही ४५ किंवा ५० च्या पुष्कळ खालच्या प्रमाणात. एक अभ्यास म्हणजे सिद्धांत नव्हे. पण डेन्मार्कमध्ये असा अभ्यास होऊ शकला, कारण तेथे प्रत्येक घरास कोणत्या वर्षी कोणत्या दर्जाचे पाणी मिळाले ह्याची नोंद आहे. आपल्या वस्तीतील पाण्याची अशी किती वर्षांची नोंद कोणाजवळ आहे? रोग आहे की नाही हा पुढचा प्रश्न झाला. मोजलेच नाही तर रोग दिसणार कोणास?

ह्या ठिकाणी काही गैरसमज दूर करणे अवश्य आहे, कारण ते आपल्या घराघरांत आहेत. पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही. उलट पाण्याची वाफ होते आणि नायट्रेट तेवढेच राहते, म्हणजे उरलेल्या पाण्यातील त्याचे प्रमाण वाढते. टीसीएल पावडरने जंतूंचा नाश होतो. नायट्रेटवर तिचा काही परिणाम नाही. कापडाने गाळणे, तुरटी फिरविणे, मेणबत्तीचा फिल्टर लावणे, ह्यांपैकी कशानेही ते जात नाही. भगवान बुद्धांनी भिक्षूच्या आठ परिष्कारांत पाणी गाळण्याच्या वस्त्रास स्थान दिले. पाण्यातील जीवांची हिंसा होऊ नये, ही करुणा त्यात आहे, आणि गढूळ पाणी गाळून पिण्याची सवयही चांगली आहे. परंतु ज्यास रंग नाही, वास नाही, चव नाही, ते कोणत्या वस्त्राने गाळणार? मातेच्या दुधात मात्र, तिने पिलेल्या पाण्यातील नायट्रेट फारसे उतरत नाही. म्हणून पहिले सहा महिने बालकास केवळ अंगावरचे दूध द्यावे, वरचे पाणी मुळीच देऊ नये, हा डॉक्टरांचा जुनाच सल्ला आमच्या जिल्ह्यात दुप्पट महत्त्वाचा ठरतो. मात्र हा सल्ला देणाऱ्याने एक लक्षात ठेवावे. कापूस वेचण्यास किंवा सोयाबीन सोंगण्यास जी माय सकाळी जाते आणि दिवस मावळता परतते, तिच्या तान्ह्यास दुपारी घरातील म्हातारी पाणी घालून पावडरचे दूधच पाजणार. त्या मायबाईस सल्ला देऊन भागत नाही; तिला मजुरी न बुडता घरी राहण्याची सोय हवी, आणि ती होईपर्यंत त्या बाटलीत घालावयाचे पाणी तरी तपासलेले हवे.

आणखी एक गैरसमज सरकारी कागदानेच निर्माण होतो. महाराष्ट्रात गावांच्या पाणवठ्यांचे स्वच्छता-सर्वेक्षण होते आणि त्यावरून ग्रामपंचायतीस लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. ही पद्धत चांगली आहे; पटकी, कावीळ, अतिसार ह्यांपासून गावास वाचविण्यात तिचा उपयोग आहे. पण ती पाहते काय? पाणवठ्याभोवती घाण आहे का, गळती आहे का, पावडर टाकली जाते का. हिरवे कार्ड भिंतीवर लावलेल्या गावाच्या हातपंपात नायट्रेट नाही, असा त्याचा अर्थ कोणीही करू नये. कार्डाचा रंग आणि रसायनशाळेचा आकडा ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आता ज्या प्रश्नासाठी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे येतो. अहवालात वर्धा जिल्ह्याचे नाव आहे. जिल्ह्यातील बौद्धवस्तीचे नाव नाही, आणि ते असण्याचा संभवही नाही. भूजल मंडळाची निरीक्षण-विहीर ही जिल्ह्याच्या भूगर्भाची नाडी पाहण्यासाठी असते. ती अमुक वस्तीतील माणसे काय पितात हे सांगण्यासाठी नसते. गावातील एका विहिरीत ३० आणि दुसरीत ९० असे नायट्रेट असू शकते. त्यामुळे जिल्ह्याच्या सरासरीवरून, किंवा गावाच्या मधोमध असलेल्या एका नमुन्यावरून, गावकुसाजवळच्या हापशीविषयी अनुमान काढता येत नाही. आमच्या वस्त्या कोठे वसल्या आहेत हे सांगावयास नको. गावाच्या कडेला, पुष्कळ ठिकाणी उताराच्या अंगास, जेथे गावाचे सांडपाणी येऊन थबकते आणि जेथे शेताचा बांध घराच्या भिंतीस लागतो. ही जागा आम्ही निवडली नाही. पण भूगर्भातील पाणी उताराने वाहते, आणि त्यास जातीची नव्हे, उंचसखल भूमीची भाषा कळते. जातीने ज्यास खाली बसविले त्याच्याकडे पाणीही वरची घाण घेऊन येते.

यावर गावातून एक उत्तर ठरलेले येईल: 'तुमच्याच शौचालयांचे खड्डे तुमच्या हापशीजवळ आहेत, दोष तुमचाच.' ह्या उत्तरास संतापाने तोंड देण्यात अर्थ नाही, कारण काही वस्त्यांत ते खरेही असेल. पंधरा फूट रुंदीच्या घराच्या जागेत खड्डा आणि हातपंप ह्यांच्यात पंधरा मीटर अंतर कोठून आणावयाचे? जागा देताना कोणी हिशेब केला नाही आणि अनुदान देताना कोणी फीत लावून मोजले नाही. परंतु दोष कोणाचा, हा प्रश्न आता वादविवादाने सोडविण्याची गरज उरलेली नाही. शास्त्रज्ञांजवळ त्याची साधने आहेत. मैलापाण्यातून आलेल्या नायट्रेटबरोबर क्लोराइडही मोठ्या प्रमाणात येते. युरियातून आलेल्याबरोबर तसे येत नाही. त्याहून सूक्ष्म अशी दुसरी कसोटी नत्राच्या समस्थानिकांची आहे. नत्राचा एक जड प्रकार, नत्र-१५, शेणातून आणि मैल्यातून आलेल्या नायट्रेटमध्ये अधिक असतो, कारखान्यात बनलेल्या खतातून आलेल्यात कमी. म्हणजे पाणी स्वतःच्या उगमाविषयी साक्ष देते. फक्त ती साक्ष नोंदविणारा पाहिजे. सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची जी केंद्रीय संशोधन संस्था पुढे १९७४ साली 'नीरी' ह्या नावाने प्रसिद्ध झाली, ती नागपुरास १९५८ साली निघाली, म्हणजे त्याच नगरीत दीक्षाभूमीवर सोहळा झाला त्यानंतर दोनच वर्षांनी. सेवाग्रामास १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. ज्ञानाची कमतरता ह्या मुलखात नाही. त्या ज्ञानाचा प्रवास नागपूर-वर्ध्याहून बौद्धवस्तीपर्यंत होत नाही, एवढेच.

कायद्याचा धंदा करणाराने येथे कायद्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. विधि महाविद्यालयात आम्हांस १८८२ चा सुविधाधिकार कायदा शिकविला गेला. त्यातील एका उदाहरणाप्रमाणे जमिनीच्या मालकास आपल्या जमिनीखालील पाणी गोळा करण्याचा हक्क आहे. ज्यास जमीन नाही त्यास जमिनीखालचे पाणीही नाही, असा त्याचा व्यावहारिक अर्थ होतो. युरियाचा लाभ जमीनमालकास, आणि त्या युरियाचा पाझर भूमिहीनाच्या घागरीत! आमच्यातील अल्पभूधारक शेतकरीही युरिया टाकतो, आणि त्यासही हे ऐकावे लागेल. परंतु ज्यास एक गुंठाही नाही त्याच्या वाट्यास केवळ पाझरच येतो, हे त्याने विसरू नये. महाराष्ट्राने २००९ साली भूजलाचा नवा कायदा केला, तो जुन्या मालकी हक्कास काही लगाम घालतो. तथापि वस्तीवरील घागरीपर्यंत त्याचा लगाम पोहोचल्याचे मला दिसत नाही.

अत्याचार प्रतिबंधक कायद्यात, १९८९ पासून, अनुसूचित जातींच्या वापरातील पाणवठा दूषित करणे हा गुन्हा आहे, आणि बौद्ध झालेल्या कुटुंबांना १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या यादीत स्थान मिळाल्यापासून त्या कायद्याचे संरक्षण आपणांसही आहे. विहिरीत कोणी मेलेले जनावर टाकले तर हे कलम अवश्य लावावे. परंतु नायट्रेटच्या बाबतीत ते लावण्याच्या भरीस कोणी पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फौजदारी कायद्यास आरोपी लागतो, आणि येथे आरोपी म्हणजे शंभर शेते, चाळीस गोठे आणि आपलेच वीस खड्डे. खोटा किंवा न टिकणारा खटला हा खऱ्या खटल्याचा शत्रू होय.

आमचा आधार निराळ्या ठिकाणी आहे. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने विहिरी, तळी, घाट सर्वांस खुले केले, १७ व्याने अस्पृश्यता नष्ट केली. आणि २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कात प्रदूषणमुक्त पाणी अंतर्भूत आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या सुभाषकुमार खटल्यात म्हटले. १९९९ चा नायडू खटला तर प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावा. हैदराबादला पाणी पुरविणाऱ्या जलाशयांजवळ तेलाचा कारखाना असावा की नसावा, असा तो वाद होता. न्यायालयाने उघडपणे सांगितले की विज्ञानातील अनिश्चितता न्यायाधीशांपुढे खरी अडचण निर्माण करते, म्हणून पर्यावरणाच्या न्यायपीठावर शास्त्रज्ञ असले पाहिजेत. आणि अपाय होणार नाही हे सिद्ध करण्याचा भार अपायाची भीती निर्माण करणाऱ्यावर राहील. २०१० साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण स्थापन झाले त्यात तज्ज्ञ सदस्य बसतात, ते ह्याच विचारातून. बाटलीत भरून विकल्या जाणाऱ्या पाण्यास २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याची सक्ती लागू आहे, पण विहिरीतून शेंदलेल्या पाण्यास नाही. म्हणजे जो विकत घेऊ शकतो त्याच्या पाण्यास कायदा आहे. जो शेंदून आणतो त्याच्यासाठी केवळ मानकाचे पुस्तक आहे. ही विसंगती एके दिवशी न्यायालयापुढे गेली पाहिजे, आणि ती नेण्यास पुरावा लागेल.

पुराव्याविषयी वकिलास बोलू द्यावे. पाण्याचा नमुना हा साक्षीदार आहे, आणि साक्षीदार फुटतो कसा हे मी पुष्कळ पाहिले आहे. बाटली तेलाची होती, नमुना पहिल्याच धारेचा घेतला, तारीख लिहिली नाही, दोन दिवस सायकलच्या हँडलला टांगून ठेवली, मग प्रयोगशाळेचा आकडा कितीही खरा असला तरी उलटतपासणीत तो टिकणार नाही. स्वच्छ प्लॅस्टिकचा डबा त्याच पाण्याने तीनदा विसळावा, हातपंप काही वेळ हापसून मग भरावा, पाणवठ्याचे नाव, तारीख, वेळ आणि नमुना घेणाऱ्याची सही लिहावी, दोन पंच ठेवावेत आणि शक्य तितक्या लवकर शासकीय प्रयोगशाळेत पोहोचवावा. जंतूंच्या तपासणीची बाटली निराळी, निर्जंतुक केलेली असते. ती प्रयोगशाळेतूनच घ्यावी. नमुना दोनदा घ्यावा, उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळ्यानंतर, कारण एकाच आकड्यावरून पाण्याचा स्वभाव कळत नाही. नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ३९ व्या कलमाखाली तज्ज्ञाचे मत न्यायालयात ग्राह्य आहे. पण तज्ज्ञ डब्यातील पाण्याविषयी बोलतो, ते पाणी तुमच्या हापशीचेच होते हे तुम्हांलाच सिद्ध करावे लागते.

बरेच लोक माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यास केवळ कागदांच्या झेरॉक्सचा कायदा समजतात. त्याच्या व्याख्येच्या कलमात सार्वजनिक प्राधिकरणाच्या ताब्यातील वस्तूचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही दिलेला आहे. ग्रामपंचायतीची विहीर व टाकी ग्रामपंचायतीच्याच ताब्यात असते. तेव्हा त्या पाण्याचा प्रमाणित नमुना मागता येतो, असे माझे मत आहे, आणि एखाद्या ग्रामसेवकाने तो नाकारल्यास अपिलात हा मुद्दा लढविण्याजोगा आहे. मागील तपासण्यांचे आकडे तर निःसंशय मागता येतात. अर्ज मराठीत करावा, आणि 'पाणी पिण्यास योग्य आहे काय' असे मोघम विचारू नये, कारण त्यास 'होय' असे मोघम उत्तर मिळते. कोणत्या पाणवठ्याचा नमुना कोणत्या तारखेस घेतला, त्यात नायट्रेट, फ्लोराइड आणि क्लोराइड किती मिलिग्रॅम निघाले, आणि बौद्धवस्तीतील पाणवठ्याचा नमुना शेवटी केव्हा घेतला, असे विचारावे.

जलजीवन मिशन २०१९ साली सुरू झाल्यापासून प्रत्येक गावातील पाच स्त्रियांना पाणी तपासण्याच्या संचाचे शिक्षण द्यावयाचे ठरले आहे. त्या संचात नायट्रेटची चाचणी असते. रंग पाहून अंदाज करावयाचा असतो. तो अंदाज न्यायालयात चालणार नाही, पण प्रयोगशाळेकडे कोणता नमुना धाडावा हे त्यावरून ठरते. ह्या पाच जणींची नावे आपल्या गावात कोणती आहेत, हे किती जणांस ठाऊक आहे? त्यांत आपल्या वस्तीतील एक तरी मुलगी आहे काय? दहावीला विज्ञान शिकलेल्या मुली आता प्रत्येक वस्तीत आहेत. सावित्रीबाईंच्या तसबिरीस हार घालून आपण थांबतो. तपासणीचा संच त्या मुलीच्या हाती देण्यासाठी ग्रामसभेत उभे राहून नाव सुचविणे हे त्याहून कठीण नाही, परंतु तेवढे आपण करीत नाही.

दोष सापडला तर पुढे काय, हा प्रश्न रास्त आहे. नायट्रेट काढण्याची यंत्रे आहेत. गावोगावी नाणे टाकून पाणी देणारी जी आर.ओ. यंत्रे दिसतात त्यांनी ते कमी होते. पण त्यांतून बाहेर फेकले जाणारे पाणी नायट्रेटने अधिकच दाटलेले असते आणि ते पुष्कळदा त्याच जमिनीत मुरते. शिवाय जे पाणी सरकारने द्यावयाचे ते मजुराने नाणे टाकून का घ्यावे? माझ्या मते वस्तीने प्रथम मागावे ते धरणाचे पाणी. पृष्ठभागावरील साठ्यात नायट्रेट सामान्यतः भूजलापेक्षा कमी असते, आणि धाम व बोर ह्यांची धरणे ह्याच जिल्ह्यात आहेत. पिण्यास आणि स्वयंपाकास माणशी आठ-दहा लिटर पुरतात. तेवढे तरी निर्दोष पाणी स्वतंत्र नळाने मिळावे, बाकीच्या वापरास हापशी आहेच. आर्सेनिक व फ्लोराइड ह्यांनी बाधित वस्त्यांना योजनेत अग्रक्रम दिला गेला; नायट्रेटला का नाही, हे आमदारांनी आणि जिल्हा परिषदेच्या सदस्यांनी विचारावयास हवे.

वर्ध्यातील लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ साली मालकांच्या औदार्याने अस्पृश्यांस खुले झाले, ह्याचा जिल्ह्यात फार गौरव होतो. औदार्यास नावे ठेवण्याचे कारण नाही. पण औदार्याने मिळालेल्या वस्तूविषयी ती कशी आहे असे विचारता येत नाही. दिले तेवढे घ्यावे लागते. चवदार तळ्यावर आपण औदार्य मागितले नव्हते, म्हणून आपणांस हा प्रश्न विचारता येतो.

ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखांपैकी १ मे ही उन्हाळ्याच्या नमुन्यासाठी आणि २ ऑक्टोबर ही पावसाळ्यानंतरच्या नमुन्यासाठी सोयीची आहे. सभेच्या आठ दिवस आधी लेखी विषय द्यावा, पोच घ्यावी, आणि ठरावात पाणवठ्याचे नाव घालून घ्यावे. 'गावातील सर्व पाणवठे' अशी शब्दरचना कोणी सुचविली तर ती स्वीकारू नये. अहवाल आला की त्याची एक प्रत विहाराच्या फळ्यावर लावावी आणि एक अंगणवाडीत.